एकाच चिखलाच्या दोन गाड्या

शनिवारी सकाळी लुएलाच्या दुकानात कॉफीचा पहिला कप पोटात गेला, की ऑगस्टाबाई कोल्बर्न गावातल्या गाड्यांना नावं ठेवायला मोकळ्या होत. पंधरा वर्षं हे चाललं होतं. ईस्ट हार्लोतली निम्मी माणसं रविवारी चर्चला जात नसत, पण शनिवारी हे ऐकायला न चुकता येत. आपल्याच दारातल्या गाडीचा पाणउतारा ऐकण्यात माणसाला काय गोडी वाटते, देव जाणे.

बाईंना तसा अधिकार होता, आणि तो त्या कुणाला विसरू देत नसत. डेट्रॉइटच्या एका मोठ्या कारखान्यात मातीच्या गाड्या घडवण्यात त्यांची उमर गेली होती. पत्र्याची गाडी निघण्याआधी ती तपकिरी मातीत, अगदी खऱ्या मापाची, घडवतात. तिच्यावरची एकेक रेघ खरवडून, घासून बसवतात. तिथले जुने कारागीर नवख्याला पहिली गोष्ट शिकवत ती डोळे मिटायची. डोळ्याला उजेड फसवतो, तळहाताला फसवत नाही. डोळे मिटून हात फिरवायचा, आणि हात जिथे अडखळेल ती जागा पुन्हा घासायची. एवढं शिकून बाई म्हातारपणी येऊन पडल्या कुठे, तर व्हरमाँटच्या या डोंगरात, जिथे एका घरासमोर जपानी वॅगन तर दुसऱ्यासमोर स्वीडिश, आणि तिसरी कुठली बघायची सोय नाही.

"वॅगन ही चांगली गोष्ट होती," बाई म्हणत. "लांब, बुटकी, आपल्या कामाशी काम ठेवणारी. तिला धरून वीतभर वर उचलली, चाकांच्या कडेनं काळं प्लास्टिक चिकटवलं, आणि नाव ठेवलं क्रॉसओव्हर. म्हणे डोंगर चढते. कोण चढवतंय तिला? या गावाचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे शनिवारी कचरा डेपोवर नेऊन टाकणं."

"माझी चढते," लुएला गल्ल्यामागून म्हणे. तिच्याकडे जपानी होती, हिरवी. गावात तशा हिरव्या जपानी इतक्या होत्या, की मागच्या वर्षी ती चुकून पाद्रीणबाईंची गाडी घेऊन घरी गेली होती. ईस्ट हार्लोत गाडीची किल्ली गाडीतच ठेवायची पद्धत. बर्फ सारणारा आला, रस्त्याचं यंत्र आलं, की ज्याचा हात मोकळा असेल तो कुणाचीही गाडी हलवतो. किल्ली काढून खिशात घालणारा माणूस परगावचा समजायचा. त्यामुळे असल्या चुका होत, आणि गाव त्यांवर महिनाभर हसे.

"तुझी ती चढते गं," बाई म्हणत. "पण तोंड बघ तिचं. आत्ताच कुणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखं. डोळे वर ओढलेले, ओठ खाली पाडलेले. आणि मागून बघायला जावं, तर आखणाऱ्याचं जेवण आलं असावं आणि तो उठून गेला असावा. मागचा भाग तसाच राहून गेलाय."

"आणि तुम्ही चालवता तीच की," हे बोलणारे डॉक्टर ऑरिन टटल. डॉक्टर गुराढोरांचे. अर्ध्या जिल्ह्याच्या गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून झाल्यावर निवृत्त झालेले. त्यांच्याकडे स्वीडिश.

"मी गमबूटही घालते, डॉक्टर. ते देखणे आहेत असं कधी म्हटलं मी? चिखलात दुसरं काही चालत नाही म्हणून घालते. गाडीही त्यातलीच." मग बाई खुर्ची सरकवत, कारण आता खरी मजा असे. "तुमचं दुखणं वेगळं आहे. तुम्हाला वाटतं तुमची सुंदर आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकेनं लोकरी स्कर्टखाली शिकारीचे बूट चढवावेत, आणि वर सगळ्यांना सांगावं, मी काही नटलेली नाही. असली साधी माणसं फार बघितली मी. साधेपणाचा एवढा तोरा राणीलाही नसतो. आणि तो खांदा."

खांदा म्हणजे स्वीडिश गाडीच्या खिडक्यांखालून, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत निघालेली पत्र्याची जाड वळी. त्या खांद्यावर बाईंचा विशेष राग.

"खांदा कुणाला शोभतो? ज्याला ओझं वाहायचंय त्याला. तुमची ही वाहते काय? डीकनला."

डीकन हा डॉक्टरांचा म्हातारा शिकारी कुत्रा. त्यानं आयुष्यात शिकार म्हणून फक्त एक हातमोजा आणला होता. तो वॅगनच्या मागच्या भागात पडलेला असे आणि डॉक्टर कॉफी पिऊन येईपर्यंत डोळा उघडत नसे.

"डीकन जड आहे," डॉक्टर शांतपणे म्हणत, आणि सगळे हसत.

बाई बोलताना कुणाकडे सरळ बघत नसत. मान जराशी डावीकडे कलती, हनुवटी वर, आणि नजर समोरच्याच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. समोरच्याला वाटे, आपण बघण्याच्या लायकीचेही नाही. ऑक्टोबरपासून हे फारच वाढलं होतं. बाईंचा तोरा वाढला, असं गाव म्हणत होतं, आणि बाईंनी ते म्हणू दिलं होतं.

खरी गोष्ट अशी, की सरळ बघितलं तर बाईंना समोरच्याचं तोंडच दिसत नव्हतं. ऑक्टोबरात बर्लिंग्टनच्या डोळ्यांच्या डॉक्टरणीनं सांगितलं होतं. नजरेचा मधला भाग चाललाय, कडा राहतील. चष्म्यानं काही होणार नाही. गाडी आजपासून बंद. बाई "हो, हो" म्हणाल्या, आणि तीच गाडी चालवत घरी आल्या. तेव्हापासून जे काही बघायचं ते कडेनं, मान कलती करून.

सांगायचं कुणाला? ओहायोत बहिणीचा मुलगा होता. त्यानं लागोपाठ दोन ख्रिसमसला एका वृद्धाश्रमाची चकचकीत पुस्तिका पाठवली होती. सपाट गाव, सपाट अंगण, घंटा वाजली की जेवण. बाईंचं घर दुकानापासून चार मैल वर, मातीच्या रस्त्याच्या टोकाला. तिथे बस नाही, शेजार नाही. गाडी गेली की घर गेलं, आणि घर गेलं की ओहायो. ज्या गाडीला बाई उठता बसता नावं ठेवत, तिच्याच चार चाकांवर त्यांचं घर उभं होतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि या लाचारीचा त्यांना जितका संताप येई तितका त्या शनिवारी जास्त बोलत.

चालवायच्या त्या फक्त शनिवारी, आणि कडांवर. डावीकडे दगडी कुंपण, उजवीकडे चर, पांढरे बर्चचे बुंधे, मग गिरणीचं वळण. दुकानासमोर लावायची जागाही एकच, शेवटची, गॅसच्या टाक्यांच्या पिंजऱ्याला लागून. परतताना बाई गाडी शोधत नसत. पिंजऱ्याकडे चालत जात, आणि तिथे जी उभी असे ती त्यांची.

एक त्रास मात्र होता. घरी जाताना आरशाच्या कोपऱ्यात दोन पिवळे डाग कायम मागे येत. डॉक्टर टटल. त्यांचं घर खालीच, गिरणीच्या अलीकडे, पण डाग वरपर्यंत येत.

"तुमची मुख्याध्यापिका माझ्या पाठीपाठी का हिंडते?" बाईंनी एकदा भर दुकानात विचारलं होतं. "एकटीला भीती वाटते का?"

"वर मेपलचा पाक आटवायच्या भट्टीवर काम असतं," डॉक्टर म्हणाले होते. "रस्ता एकच आहे, बाई."

एप्रिलचा दुसरा शनिवार उजाडला तेव्हा बर्फ वितळून रस्त्याचं पार पीठ झालं होतं, भिजवून ठेवलेलं. या दिवसांत ईस्ट हार्लोत गाडीला रंग उरत नाही. हिरवी, निळी, लाल, सगळ्या छतापर्यंत तपकिरी. बाईंना हे दिवस त्यातल्या त्यात बरे वाटत. इतरांनाही आता त्यांच्याइतकंच दिसे.

बाई आल्या, पिंजऱ्याशेजारी गाडी लावली, किल्ली आत ठेवली, खिडकीकडे पाठ करून बसल्या. डोनट गरम होते. लुएलानं विचारलं, "बाई, रस्त्याचं यंत्र वळवायचंय, तुमची गाडी हलवतोय यंत्रवाला, चालेल ना?" पण तेव्हा बाई जपानी गाडीच्या मागच्या दिव्यांवर घसरल्या होत्या, आणि ऐन रंगात आलेलं बोलणं सोडून त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. त्यांनी नुसता हात हलवला. यंत्रावरच्या माणसानं त्यांची गाडी नेऊन रस्त्यापलीकडे चर्चच्या दारात लावली, आणि रस्ता सपाट करणारा आपला ग्रेडर वळवून तो वरच्या रस्त्याला लागला. थोड्या वेळानं डॉक्टर टटल आले. अंगण भरलेलं, पिंजऱ्याशेजारी तेवढी जागा. त्यांनी गाडी तिथे घातली, डीकनला झोपू दिलं आणि आत आले.

आज डॉक्टरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कॉफी न घेताच ते बाईंच्या समोर बसले.

"बाई, आज रस्ता फार वाईट आहे. गिरणीच्या वळणावर निम्मा वाहून गेलाय. माझ्या गाडीतून चला. तुमची संध्याकाळी कुणीतरी आणून लावेल."

असं बाईंना कुणी म्हणत नसे.

"तुमच्या गाडीतून," बाई म्हणाल्या.

"हो."

"डॉक्टर, मेल्यावर मला स्मशानात न्यायला जर ती गाडी आली, तर मी उठून चालत जाईन."

हशा झाला. डॉक्टर हसले नाहीत. "मी थट्टा करत नाहीये. तुमची गाडी नको आज. चिखलात माझी जास्त धरून चालते."

"धरून चालते," बाईंचा आवाज चढला. आत कुठेतरी भीतीनं टोचलं होतं, आणि भीती टोचली की त्यांची जीभ सुटायची. "ती काय धरून चालणार? तिच्यात आहे काय धरण्यासारखं? निदान माझी कुरूप आहे हे लपवत तरी नाही. तुमची कुरूप असून वर शहाणपणा सांगते. पंधरा वर्षं मी हे ऐकतेय, दोन्ही सारख्याच, दोन्ही सारख्याच. या दोन गाड्यांतला फरक आंधळ्यालासुद्धा कळेल."

बोलून गेल्या आणि त्यांचा त्यांनाच चटका बसला. कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टर मात्र टेबलाकडे बघत राहिले, आणि त्यांचं ते गप्प बसणं बाईंना अजिबात सहन झालं नाही. त्यांनी हातमोजे चढवले, उरलेलं डोनट तिथेच टाकलं आणि लुएला "अहो बाई" म्हणेपर्यंत दाराबाहेर पडल्या.

पिंजऱ्याशेजारी तपकिरी गाडी उभी होती. बाईंनी दार उघडलं, बसल्या, किल्ली चाचपून फिरवली आणि निघाल्या.

रागात माणसाला फारसं काही जाणवत नाही, तरी दगडी कुंपण लागेपर्यंत बाईंना काहीतरी निराळं वाटू लागलं. बसायची जागा उबदार होती. मागच्या महिन्यात तेल बदलायला दिली तेव्हा त्या पोरानं काहीतरी केलं असावं. गाडीत ओल्या कुत्र्याचा वास येत होता, पण या दिवसांत बाईंच्या लोकरी कोटालाही तोच वास येई. आणि गाडी शहाण्यासारखी चालत होती. चाकोरीत घसरली तरी घाबरत नव्हती, हळूच अंग काढून घेत होती. पट्ट्यानं छाती आवळली नव्हती, पाठ दुखत नव्हती. सत्तरी ओलांडल्यावर पाठ न दुखणं ही साधी गोष्ट नव्हे.

इतकीही वाईट नाही गं तू, बाई मनात म्हणाल्या. आपल्या गाडीला त्या पहिल्यांदाच बरं काही म्हणत होत्या.

गिरणीच्या वळणावर डावीकडून कर्णकर्कश भोंगा वाजला. मोठं पिवळं काहीतरी कडेनं सरकलं. बाईंनी दात ओठ खात स्टीअरिंग घट्ट धरलं. "वाजवा, वाजवा," त्या म्हणाल्या. "रस्ता तुमच्या बापाचाच आहे." मग सवयीनं त्यांनी मान कलती करून आरशाच्या कोपऱ्यात बघितलं. पिवळे डाग नव्हते. एकदाची खोड मोडली म्हाताऱ्याची, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण उरलेला रस्ता त्यांना उगाच लांब वाटला.

अंगणात चिखल घोट्यापर्यंत होता. रागाच्या भरात गाडीची किल्लीही मुठीत घेऊन बाई उतरल्या, घराची किल्ली काढायला हातमोजे काढून काखेत धरले आणि तोल जाऊ नये म्हणून गाडीच्या अंगावर हात टेकला. ओला, खरखरीत चिखल. हात टेकत टेकत त्या मागे सरकू लागल्या. दोन पावलं गेल्या असतील नसतील, आणि हात थांबला.

हाताखाली खांदा होता.

बाईंनी डोळे मिटले. हात मागे नेला, पुढे आणला. खिडकीखालून निघालेली जाड वळी, वरून गोल, खाली उतरताना जराशी आत घेतलेली. ही कुणाची आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पण तळहात काही थांबेना. त्याला पंधरा वर्षांत कुणी खरं काम दिलं नव्हतं. तो चिखल पुसत दरवाजावरून मागच्या चाकाकडे गेला, तिथून दिव्यापर्यंत. एवढी लांब रेघ, आणि कुठे अडखळली नाही. मागे जाता जाता ती किंचित रुंद झाली होती, तीही अशी बेतानं की डोळ्याला कधी कळलंच नसतं. बाईंना तरी कुठे कळलं होतं? ही रेघ ज्यानं मातीत बसवली त्यानं डोळे मिटून बसवली होती. त्यानं ती कितीदा घासली असेल, हे बाईंइतकं या राज्यात कुणालाच कळलं नसतं. पंधरा वर्षं त्यांनी तिला शिव्या दिल्या होत्या, आणि एकदाही हात लावून बघितला नव्हता.

मागच्या काचेआड डीकननं जांभई दिली आणि एकदाच भुंकला.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना भीती वाटत होती, नुसती भीती. ओहायोतलं सपाट अंगण त्यांना आत्ताच्या आत्ता दिसत होतं, अगदी मधोमध, स्पष्ट.

थोड्या वेळानं चढावर इंजिनाचा आवाज आला. दुसरी तपकिरी गाडी अंगणात शिरली, पहिलीच्या शेजारी उभी राहिली, आणि तिच्यातून डॉक्टर टटल उतरले. दोन्ही गाड्या अशा रंगल्या होत्या, की चांगले डोळे असलेल्या माणसालाही खालच्या फाटकातून बघून कोणती कुणाची ते सांगता आलं नसतं.

"तुमचा हीटर जळक्या मोज्यांसारखा वास मारतो," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही माझ्या जागेवर गाडी लावलीत," बाई म्हणाल्या. हल्ला आधी केलेला बरा. "या दिवसांत होतं असं. लुएला नाही का पाद्रीणबाईंची घेऊन गेली?"

"त्या दोन्ही जपानी होत्या, बाई. दोन्ही हिरव्या."

"तुमची कुठे निराळी आहे? चिखलात सगळ्या सारख्याच."

पंधरा वर्षांत हे वाक्य बाईंच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते तोंडातून पडताना कसं पडलं हे दोघांनीही ऐकलं होतं.

"चूक माझीच," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जागेवरून ओळखता हे ठाऊक होतं मला. तरी लावली."

"ठाऊक होतं म्हणजे?"

"घोड्याची नजर अधू झाली की तो मान कलती करून बघायला लागतो. मालकाला वाटतं माजलाय. तुम्ही ऑक्टोबरपासून बघताय तशा."

"म्हणजे मी घोडी."

"घोडी लाथ मारते, पण खोटं बोलत नाही."

बाईंनी बारीक आवाजात विचारलं, "गावात कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही. गाव म्हणतं, बाईंचा तोरा वाढलाय. मी म्हणतो, असेल."

डीकन काचेला नाक लावून बघत होता. डॉक्टरांनी मागचं दार उघडलं, पण तो उतरला नाही. चिखल त्यालाही आवडत नसे.

"भट्टी गेल्या आठवड्यातच विझली," डॉक्टर म्हणाले. "आणि नोव्हेंबरात ती पेटलेलीही नव्हती. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी तरी वर काय करायला येतो. दर शनिवारी दिवे लावून, हात भोंग्यावर ठेवून तुमच्या मागे येतो. तुम्ही आत गेलात की वळतो. मला वाटलं होतं, तेवढ्यानं भागेल." त्यांनी मागचं दार लावलं. "आज मागे कुणी नव्हतं. गाडीच नेलीत तुम्ही."

बाईंना आरशाचा रिकामा कोपरा आठवला.

"वळणावर भोंगा कुणाचा होता?" त्यांनी विचारलं.

"ग्रेडरचा. तुम्ही सरळ त्याच्या अंगावर गेलात. त्यानं यंत्र चरात घातलं. माणूस धड आहे. म्हणाला, डॉक्टर, तुमची गाडी माझ्याकडे न बघता गेली. मी म्हटलं, चूक माझी आहे. तशी ती आहेच. सहा महिने मी मागे मागे येत राहिलो आणि त्यालाच काहीतरी केलं असं समजत होतो."

बाईंना ते मोठं पिवळं आठवलं. आपण त्याला बापाच्या रस्त्यावरून काय म्हटलं तेही आठवलं. तोंड तापलं, आणि शरमेनं इतक्या वर्षांत कधी तापलं नव्हतं तसं तापलं. आत एक माणूस बसला होता त्या पिवळ्यात.

डॉक्टरांनी मूठ पुढे करून उघडली. जपानी गाडीची किल्ली, तिला लुएलाच्या दुकानात मिळणारा मेपलच्या लाकडाचा पिवळसर तुकडा बांधलेला. त्यांनी ती देऊ केली नाही, खिशातही घातली नाही. तळहातावर धरून उभे राहिले.

"मी ओहायोला फोन करणार नाही," ते म्हणाले. "पण आता गप्पही बसणार नाही. पुढचं तुम्ही सांगा."

बाईंच्या मुठीत स्वीडिश गाडीची किल्ली होती, इतकी घट्ट धरलेली की तळहातावर वळ उठला होता. त्यांनी कलती मान हळूहळू सरळ केली. समोर डॉक्टरांच्या तोंडाच्या जागी एक धुरकट भोक होतं आणि भोवती टोपीची कड, कान, कोटाचा खांदा. तरी त्या सरळच बघत राहिल्या. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच त्या कुणाकडे अशा बघत होत्या.

त्यांनी हात लांब केला, चाचपत डॉक्टरांचा तळहात शोधला, आणि त्यांची किल्ली त्यावर ठेवली. शेजारची आपली किल्ली उचलली नाही.

"तिचं काय करू?" डॉक्टरांनी विचारलं.

"विका. गमबूटच तो, कुणाच्याही पायात बसेल. त्या यंत्रवाल्याला आधी विचारा." बाईंचे ओठ पुन्हा नेहमीसारखे मुरडले. "आणि त्याला सांगा, चूक डॉक्टरांची नव्हती. कोण चालवत होतं ते सांगा. गावाला कळलं तर कळू दे."

"सांगतो."

"शनिवारी नऊला या."

"मेल्यावरसुद्धा बसणार नाही म्हणाला होतात."

"मेल्यावरचं म्हटलं होतं. जिवंतपणी सीट गरम होते ते बरं वाटतं." बाईंनी मागे हात नेऊन गाडीला टेकवला. तळहात आपसूक त्या खांद्यावर बसला, आणि त्यांनी तो काढला नाही. "आणि येताना ही धुऊन आणा, डॉक्टर. मला दिसत नाही, पण गावाला दिसतं."